विद्यापीठ मोठं, देश लहान: ग्रेनेडातल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठाची वाढ

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलंच की, अहो, ग्रेनेडा आपल्याला कशाला? रास्त प्रश्न आहे. झालं असं की, आमच्या अभ्यासगटात शिक्षणाच्या खासगीकरणावर बोलणं निघालं की चर्चा नेहमीच्या तीन खुंट्यांभोवती फिरते: फी, डोनेशन आणि दर्जा. संस्था वाढते म्हणजे नेमकं काय वाढतं, आणि ती ज्या जमिनीवर उभी असते त्या जमिनीचं काय होतं, हा प्रश्न बाजूला राहतो. आपल्याकडे तो नीट दिसतही नाही, कारण महाराष्ट्र मोठा आहे. एखादं अभिमत विद्यापीठ कितीही फुगलं तरी राज्य त्याला पोटात घेऊन बसतं. म्हणून आम्ही उलटं उदाहरण शोधलं. देश इवलासा आणि विद्यापीठ अवाढव्य.

ग्रेनेडा म्हणजे कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाकडचं बेट. आजूबाजूची छोटी बेटं धरून क्षेत्रफळ 344 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडं जास्त. लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे, आणि 2004 पर्यंत जायफळाच्या उत्पादनात इंडोनेशियाच्या खालोखाल या बेटाचा नंबर लागायचा. कोकणातल्या श्रोत्यांना जायफळाचं झाड सांगायला नको. लावल्यावर सात-आठ वर्षं वाट बघायची, मग फळ. ही सात-आठ वर्षं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

7 फेब्रुवारी 1974 ला ग्रेनेडा स्वतंत्र झाला आणि 23 जुलै 1976 ला त्याच्या संसदेने एक कायदा करून सेंट जॉर्जेस विद्यापीठाला सनद दिली. राजधानीचं नावही सेंट जॉर्जेसच. संस्थापक अमेरिकन होते. त्यांतले चार्ल्स मोडिका हे कायद्याचे पदवीधर, डॉक्टर नव्हेत, आणि तेच पुढे दशकानुदशकं कुलपती राहिले. जानेवारी 1977 मध्ये वर्ग भरले. जागा बेटाच्या दक्षिण टोकाला, ट्रू ब्लू नावाची. 1969 साली तिथे कॅरिबियन देशांचं एक व्यापारी प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या इमारती रिकाम्या पडल्या होत्या. प्रदर्शनाच्या मंडपात कॉलेज! हसू नका, आपल्याकडे साखर कारखान्याच्या गोदामात इंजिनिअरिंगचे वर्ग भरलेले आठवणारे लोक अजून आहेत.

आता थांबून विचार करू. या व्यवहारात बेटाने नक्की काय दिलं? शिक्षक दिले नाहीत, ते बाहेरून आले. विद्यार्थीही बाहेरचे. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांत ज्यांना जागा मिळाली नाही अशी मुलं. रुग्णालयं? त्या आकाराची रुग्णालयं बेटावर नव्हतीच, म्हणून पहिली दोन वर्षं बेटावर पुस्तकी विषय आणि पुढची दोन वर्षं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये रुग्णांजवळ, अशी रचना झाली. मग बेटाचं काय? बेटाने दिली ती सही. डॉक्टरची पदवी द्यायला कुठल्यातरी सार्वभौम सरकारचा शिक्का लागतो. अडीच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या देशाकडे विकण्याजोगी जी काही चीज होती, त्यात जायफळ होतं, समुद्रकिनारा होता, आणि नवंकोरं सार्वभौमत्व होतं. विद्यापीठाने तिसरी वस्तू घेतली.

आमचा आजचा मुद्दा एवढाच आहे. हे विद्यापीठ बेटावर वाढलं, पण त्याची मुळं बेटात नव्हती. आणि तरीही बेट मात्र त्याच्यात मुळं धरून बसलं. बाकीचं सगळं या वाक्याचा तपशील आहे.

पंतप्रधान तेव्हा एरिक गेअरी होते, मोठे विक्षिप्त गृहस्थ. संयुक्त राष्ट्रांत उडत्या तबकड्यांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांनी खरोखर मागणी केली होती. 13 मार्च 1979 ला ते परदेशात असताना मॉरिस बिशप यांच्या न्यू ज्युएल मूव्हमेंटने सत्ता घेतली. क्यूबाशी दोस्ती, समाजवादाची भाषा, गावोगाव सभा. आणि अमेरिकन मालकीचं खासगी मेडिकल कॉलेज? ते चालूच राहिलं. हा भाग आम्हाला सगळ्यात बोलका वाटतो. क्रांतिकारी सरकारने गेअरींचा बराच कारभार मोडून काढला, पण विद्यापीठ ठेवलं. ग्रेनेडाची मुलं शिष्यवृत्तीवर क्यूबात शिकायला जात होती आणि अमेरिकेची मुलं फी भरून ग्रेनेडात शिकायला येत होती. डॉलर येत होते, घरं भाड्याने जात होती. विचारसरणी काहीही असो, लहान देशाच्या अर्थमंत्र्याला डॉलर नाकारता येत नाहीत.

त्याच काळात क्यूबाच्या मदतीने पॉइंट सलीन्सला मोठा विमानतळ बांधायला घेतला होता, विद्यापीठाच्या अगदी शेजारी. अर्धवट धावपट्टीवर विद्यार्थी सकाळी पळायला जात. मार्च 1983 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी टीव्हीवर याच धावपट्टीचा हवाई फोटो दाखवून ती लष्करी असल्याचं देशाला सांगितलं. म्हणजे बघा, वॉशिंग्टनमध्ये जो गुप्त धोका होता तो ट्रू ब्लूच्या पोरांचा जॉगिंग ट्रॅक होता.

ऑक्टोबर 1983 मध्ये पक्षातच फूट पडली. 19 तारखेला बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना किल्ल्यात भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. लष्करी परिषदेने सत्ता हातात घेतली, चोवीस तासांची संचारबंदी लावली, आणि विद्यापीठाला मात्र कळवलं की विद्यार्थ्यांना धक्का लागणार नाही. न्यूयॉर्कमध्ये जमलेल्या पालकांनी रेगन यांना तार केली की घाईने काही करू नका. 25 ऑक्टोबरच्या पहाटे अमेरिकन सैन्य उतरलं. कारणांच्या यादीत सगळ्यात वर होतं, आमच्या विद्यार्थ्यांची सुटका.

आता गंमत म्हणावी की काय म्हणावं. सैनिक ट्रू ब्लूला पोचले तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांकडून त्यांना समजलं की आणखी बरेच विद्यार्थी ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावर, दुसऱ्या आवारात आहेत. तिथे हेलिकॉप्टर पोचायला 26 तारीख उजाडली. त्यानंतर कळलं की तिसरा एक गट आणखी वेगळ्याच ठिकाणी भाड्याच्या घरांत राहतोय. ज्यांच्यासाठी एक देश ताब्यात घेतला ते कुठे राहतात हे विचारून घ्यावं लागलं. आणि त्याच पहिल्या दिवशी राजधानीच्या टेकडीवरच्या मनोरुग्णालयावर अमेरिकन विमानाचे बॉम्ब पडले, निदान अठरा रुग्ण मेले. मेडिकलचे विद्यार्थी सुखरूप घरी, आणि रुग्णालयातले रुग्ण ढिगाऱ्याखाली. हे वाक्य आम्ही रचलेलं नाही, घटनाक्रमच तसा आहे.

चार्ल्टन नव्हे, चार्ल्स्टन. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनच्या हवाई तळावर विमानातून उतरलेल्या एका विद्यार्थ्याने गुडघे टेकून जमिनीचं चुंबन घेतलं. तो फोटो जगभर गेला आणि वाद संपला. अमेरिकेत संपला, म्हणजे. 2 नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 108 विरुद्ध 9 मतांनी या कारवाईचा निषेध केला. मोडिका यांनी आधी सांगितलं होतं की आक्रमणाची गरज नव्हती. सरकारी माहिती मिळाल्यानंतर त्यांनी मत बदललं. त्यांना दोष द्यायला आम्ही धजत नाही. ज्याचे विद्यार्थी, रुग्णालयं, कर्ज सगळं अमेरिकेत, तो किती दिवस वेगळं बोलणार?

1986 साली क्लिंट ईस्टवुडचा हार्टब्रेक रिज हा सिनेमा आला. त्यात ही सुटका आहे. चित्रीकरण पोर्टो रिकोच्या व्हिएकेस बेटावर झालं. ग्रेनेडाच्या वाट्याला स्वतःच्या गोष्टीत पडदा व्हायचंही आलं नाही, दुसरं बेट चाललं. ही टीका सिनेमावर नाही. विद्यापीठाच्या व्यवहारातही बेट असंच आहे: कुठलंही चाललं असतं, हे चाललं इतकंच. डॉमिनिका होतं, माँटसेराट होतं. 1978 च्या सुमारास दोन्हीकडे अशीच अमेरिकन मेडिकल कॉलेजं निघाली होती.

आक्रमणानंतर विद्यापीठ परत आलं आणि वाढू लागलं. 1990 च्या दशकात पदव्युत्तर शिक्षण, मग 1996 मध्ये कला व विज्ञान शाखा, 1999 मध्ये पशुवैद्यक. ट्रू ब्लूच्या टेकडीवर एकामागून एक इमारती चढल्या. 1996 ची शाखा महत्त्वाची आहे, कारण ती मुख्यतः ग्रेनेडा आणि आसपासच्या बेटांवरच्या मुलांसाठी निघाली. वेस्ट इंडीज विद्यापीठ हे त्या प्रदेशाचं सार्वजनिक विद्यापीठ, पण त्याची मोठी आवारं जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोसला. ग्रेनेडाच्या पोराला पदवीसाठी समुद्र ओलांडावा लागायचा. आता ते घरी राहून, शिष्यवृत्तीवर शिकू शकतं. हे श्रेय द्यायला हवं, आणि हात आखडता न घेता द्यायला हवं. टीका करायला बसलं की असं काही दिसेनासं होतं, ती खोड आम्हालाही आहे.

पण ही वाढ झाली कशावर? मुख्य इंधन अमेरिकन सरकारचं विद्यार्थी कर्ज. अमेरिकेचा नियम असा की परदेशी मेडिकल कॉलेजात निदान 60 टक्के विद्यार्थी बिगर-अमेरिकी असतील तरच तिथल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज मिळावं. नियम शहाणा आहे. फक्त 1992 च्या आधीपासून अमेरिकेतल्या एखाद्या राज्याची मान्यता असलेल्या मोजक्या कॉलेजांना यातून सूट मिळाली, आणि हे विद्यापीठ त्यांत आहे. ही सूट काढा म्हणून सिनेटमध्ये डिक डर्बिन यांनी विधेयकं आणली, ती पुढे सरकली नाहीत. म्हणजे ग्रेनेडातल्या घरभाड्याचा दर शेवटी वॉशिंग्टनमधल्या एका सवलतीच्या कलमावर टेकलेला आहे.

दुसरं इंधन रुग्णालयातल्या जागा. 2007 मध्ये विद्यापीठाने न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांशी दहा वर्षांचा करार केला, दहा कोटी डॉलरपर्यंतचा. विद्यार्थ्यांना तिथे प्रत्यक्ष शिक्षण मिळणार, रुग्णालयांना पैसे मिळणार. न्यूयॉर्कमधली मेडिकल कॉलेजं खवळली, आमच्या पोरांच्या जागा विकता म्हणाली. ही ओरड आपल्या कानाला ओळखीची आहे. सरकारी रुग्णालयातले गरीब रुग्ण ही खासगी कॉलेजची शैक्षणिक सामग्री, हा हिशोब आपल्याकडेही अनेक जिल्ह्यांत चालतो. मग 2014 मध्ये गुंतवणूक कंपन्या आल्या, अल्टास पार्टनर्स आणि बेअरिंग प्रायव्हेट इक्विटी एशिया. व्यवहार सुमारे 75 कोटी डॉलरचा. कॅनडातल्या आणि आशियातल्या भांडवलाने अमेरिकन कर्जावर चालणारं कॅरिबियन विद्यापीठ घेतलं. या वाक्यात ग्रेनेडाचा नागरिक कुठे बसतो, सांगा पाहू.

तो कुठे बसतो ते 2004 ने दाखवलं. 7 सप्टेंबरला आयव्हन चक्रीवादळ बेटावरून गेलं. 39 माणसं दगावली. दहांतल्या नऊ घरांचं नुकसान झालं. जायफळाच्या बागा आडव्या झाल्या, आणि जायफळाचं गणित मघाशी सांगितलं: सात-आठ वर्षं. विद्यापीठाने विद्यार्थ्यांना तात्पुरतं अमेरिकेत हलवलं आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ट्रू ब्लूला वर्ग पुन्हा भरले. चार महिन्यांत! व्यवस्थापनाची कमाल आहे, आम्ही उपरोधाने म्हणत नाही. त्याच वादळात यॉर्क हाउसचं छप्पर उडालं. यॉर्क हाउस म्हणजे संसद भवन. नवी संसद बांधून व्हायला 2018 उजाडलं, तेही परदेशी मदतीने. सनद देणारी संसद चौदा वर्षं स्वतःच्या इमारतीविना, आणि सनद घेतलेलं विद्यापीठ चार महिन्यांत उभं.

आज विद्यापीठाचा देशाच्या अर्थव्यवस्थेतला वाटा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी सुमारे एक पंचमांश धरतो. एका संस्थेचा! घरमालक, टॅक्सीवाले, भाजीवाल्या, सुरक्षारक्षक, खानावळी. दक्षिण भागात एक पिढी अशी आहे की जिने विद्यार्थी भाडेकरू धरूनच घराचा आराखडा काढला: खाली आपण, वर दोन खोल्या. मार्च 2020 मध्ये विद्यार्थी आपापल्या देशात गेले, शिकवणं ऑनलाइन झालं. विद्यापीठ चालू राहिलं, वरच्या खोल्या रिकाम्या राहिल्या. त्या वर्षी देशाचं सकल उत्पन्न तेरा-चौदा टक्क्यांनी घसरलं. त्यात पर्यटनाचा वाटा मोठा, हे खरं. पण पर्यटन परत येतं. इथे लोकांना पहिल्यांदा दिसलं की बेट नसतानाही विद्यापीठ चालतं.

आणि हे कल्पनेतलं भय नाही. शेजारी घडून गेलेलं आहे. माँटसेराटचं कॉलेज 1995 मध्ये ज्वालामुखी जागा झाल्यावर उठून सेंट मार्टिनला गेलं. डॉमिनिकाची गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी. तिथल्या पोर्ट्समथ गावात रॉस विद्यापीठ जवळजवळ चाळीस वर्षं होतं. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया वादळ आलं. विद्यार्थ्यांना हलवलं, सेंट किट्सच्या बंदरात एका जहाजावर वर्ग भरले, मग टेनेसीत. डॉमिनिकाचे लोक पत्रे ठोकत, रंग देत वाट बघत होते. ऑगस्ट 2018 मध्ये जाहीर झालं की विद्यापीठ बार्बाडोसला जाणार. जानेवारी 2019 मध्ये तिथे वर्ग सुरू. पोर्ट्समथमध्ये घर बांधायला काढलेलं कर्ज मात्र पोर्ट्समथमध्येच राहिलं.

या विद्यापीठांवर नेहमी होणारी टीका आम्हाला अपुरी वाटते. ‘नाकारलेल्यांचा कारखाना’ ही एक. सेंट जॉर्जेसच्या हजारो पदवीधरांनी अमेरिकेच्या परवाना परीक्षा दिल्या आहेत, तिथल्या साध्या गावांत, साध्या दवाखान्यांत ते काम करतात. प्रवेशपरीक्षेत दोन गुण कमी पडले म्हणजे माणूस डॉक्टर होण्याच्या लायकीचा नाही, असं मानणाऱ्यांनी नीटच्या निकालादिवशी एखाद्या घरी जाऊन यावं. दुसरी टीका ‘नफेखोरी’. ती खरी, पण ती विद्यार्थ्याच्या बाजूने केलेली आहे: त्याच्यावरचं कर्ज, त्याचं नापास होणं. ‘विकासाचा चमत्कार’ म्हणणारे तर टीकाच करत नाहीत, ते रोजगार मोजतात. या तिघांच्याही मोजणीत बेट हा पत्ता आहे, पक्ष नाही.

पक्ष मानलं की प्रश्न बदलतात. पन्नास वर्षांत सनदेची किंमत वाढली का? ग्रेनेडाच्या सरकारी रुग्णालयाची खाट आणि विद्यापीठाचा वर्ग यांतलं अंतर किती कमी झालं? सोडून जायचं ठरलंच तर किती वर्षांची आगाऊ सूचना, किती भरपाई, इमारती कुणाच्या, प्रयोगशाळा कुणाच्या? डॉमिनिकाच्या अनुभवानंतर ज्या सरकारने हे कागदावर घेतलं नाही, त्याला वादळाचं कारण सांगता येणार नाही. खरं तर वाटाघाटीला जागा आहे. ही कॉलेजं बेटांना आपसांत झुंजवतात, कारण बेटं एकेकटी बोलतात. ज्या देशांनी मिळून सार्वजनिक वेस्ट इंडीज विद्यापीठ चालवलं, त्यांना सनदेच्या अटी मिळून ठरवणं अशक्य आहे असं आम्हाला वाटत नाही.

आपल्याकडच्या पालकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट, कारण नंतर फोन येतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे 2021 चे नियम सांगतात की परदेशातून डॉक्टर होऊन भारतात व्यवसाय करायचा तर पूर्ण शिक्षण आणि इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी, आणि त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळण्याजोगी ती पदवी हवी. दोन वर्षं बेटावर आणि दोन वर्षं भलत्याच देशात, या साच्याला हा नियम अडतो. एजंट हे सांगेलच असं नाही.

आणि तारखांचा एक योग. 1983 साली, ग्रेनेडात सैन्य उतरलं त्याच वर्षी, वसंतदादा पाटलांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडलं. आपल्या कितीतरी तालुक्यांच्या गावांत तेव्हापासून कॉलेजच्या रस्त्याला वरच्या दोन खोल्या बांधल्या गेल्या. गेल्या काही वर्षांत त्यांतली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं बंद पडली. त्या खोल्यांत आता कोण राहतं, हे आमच्या गटातल्या दोघांनी आपापल्या गावात विचारायला घेतलंय. हाती काही लागलं तर पुढच्या खेपेला मांडू. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, आधी त्या.